दातांनी झाकलेली चूक: जबड्यांच्या सुधारणेची शस्त्रक्रिया

दात वाकडे असणे आणि ते दात ज्या हाडांत रुजलेले आहेत ती हाडेच एकमेकांच्या मापाची नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी आरशात त्या पुष्कळदा एकसारख्या दिसत असल्या तरी. पहिल्या प्रकारात दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट आणि त्यांत बसवलेली तार यांच्या मंद दाबाने दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर या गतीने हलवता येतात, कारण दाबाच्या बाजूचे हाड झिजत जाते आणि ओढीच्या बाजूला नवे हाड भरत जाते. दुसऱ्या प्रकारात हा उपाय तोकडा पडतो. दाताचे मूळ हाडाच्या आत राहिले पाहिजे, ही मर्यादा कोणत्याही तारेला ओलांडता येत नाही. त्यामुळे दोन जबड्यांत १० मिलिमीटरची तफावत असेल, तर ती केवळ दात कलते करून भरून काढण्याचा हट्ट हिरड्यांच्या आणि हाडाच्या जिवावर उठतो. अशा वेळी जबड्याचे हाड शस्त्रक्रियेने कापून योग्य जागी सरकवावे आणि तेथे पक्के करावे लागते. या शस्त्रक्रियेला ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात, आणि ती सहसा एकटी केली जात नाही. तिच्या मागेपुढे ऑर्थोडॉन्टिस्टचे, म्हणजे दातांची मांडणी सुधारणाऱ्या तज्ज्ञाचे, महिनोन्‌महिने चालणारे काम असते. या उपचारातला अवघड भाग हाड कापण्याचा, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक खरी परीक्षा त्याच्या आधी होते, कारण दातांनी वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली हाडांची चूक प्रथम उघडी करावी लागते.

जबड्यांचा विसंवाद अनेक रूपांनी प्रकट होतो. खालचा जबडा प्रमाणाबाहेर वाढला, किंवा वरचा पुरेसा वाढला नाही, तर खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) याचा जबडा असा होता आणि त्याला अन्न नीट चावता येत नसे, हे इतिहासात नोंदलेले आहे. याउलट खालचा जबडा आखूड राहिला, तर वरचे दात फार पुढे आलेले दिसतात आणि हनुवटी मागे गेलेली वाटते. वरचा जबडा उंचीने जास्त वाढला, तर हसताना हिरड्याच अधिक दिसतात आणि ओठ सहज मिटत नाहीत. दाढा एकमेकींवर टेकल्या तरी पुढच्या दातांत फट राहणे, ज्याला उघडा चावा म्हणतात, हा आणखी एक प्रकार. अशा माणसाला शेवया किंवा पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही. जबडा एका बाजूस कलणे हाही एक प्रकार आहे. कारणांत आनुवंशिकता मोठी आहे. पण लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानाच्या जंतुसंसर्गामुळे जबड्याचा सांधा जखडला, तर त्या बाजूची वाढ खुंटते, आणि ही अवस्था भारतात अजूनही दुर्मीळ नाही.

दातांच्या विसंगतीचे वर्गीकरण अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये केले आणि ते आजही वापरात आहे. वरच्या आणि खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींशी कशा जुळतात, यावरून त्यांनी तीन वर्ग पाडले. त्यात उणीव एवढीच की, ते दातांकडे पाहते, हाडांकडे नाही. हाडे मोजण्याची सोय १९३१ मध्ये झाली. त्या वर्षी अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोके एका चौकटीत स्थिर धरून बाजूने एक्स-रे घेण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. सेफॅलोग्रॅम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रात कवटीच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या खळग्याचा मध्य आणि नाकाच्या मुळाशी असलेला हाडांचा सांधा असे दोन स्थिर बिंदू धरून त्यांना जोडणारी रेषा काढतात, आणि त्या रेषेशी वरचा जबडा किती अंशांचा कोन करतो व खालचा किती, हे मोजतात. ऑर्थोडॉन्टिस्ट स्टायनर यांच्या मापांनुसार वरच्याचा कोन सरासरी ८२ अंश आणि खालच्याचा ८० अंश असतो, म्हणजे वरचा जबडा जेमतेम २ अंशांनी पुढे. हे आकडे मुळात अमेरिकेतल्या लोकांवरून काढलेले आहेत, त्यामुळे ते भारतीय चेहऱ्यांना डोळे झाकून लावणे बरोबर नाही. येथील निरनिराळ्या लोकसमूहांची मापे म्हणूनच स्वतंत्रपणे घेतली गेली आहेत. शिवाय चेहरा कोनांत मावत नाही. ओठांची जाडी, नाकाची ठेवण, बोलताना आणि हसताना दात किती दिसतात, हे समोर बसलेल्या माणसाकडे पाहूनच ठरते, आणि चांगला तज्ज्ञ एक्स-रेपेक्षा त्याला अधिक महत्त्व देतो.

आता हाडांच्या तफावतीची दात जी भरपाई करतात, तिच्याकडे वळता येईल. जबडे जुळत नसले तरी जीभ, ओठ आणि गाल यांचा दाब दातांना जमेल तितके जवळ आणत राहतो. खालचा जबडा पुढे असेल, तर खालचे पटाशीचे दात आत, जिभेकडे झुकतात आणि वरचे बाहेर, ओठाकडे. त्यामुळे हाडांतली तफावत मोठी असूनही दातांतली लहान दिसते. खालचा पटाशीचा दात जबड्याच्या खालच्या कडेशी साधारण ९० अंशांचा कोन करतो, परंतु अशा रुग्णात तो ८० अंशांच्याही खाली उतरलेला सापडू शकतो. समजा, एखाद्या तरुणाचे खालचे दात वरच्यांच्या ३ मिलिमीटर पुढे आहेत. शस्त्रक्रियेने जबडा मागे नेताना दात हाच अडसर ठरतो, कारण खालचे दात वरच्यांच्या मागे गेले की जबडा तेथेच थांबतो, आणि हाडांची उरलेली तफावत तशीच राहते. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट आधी ब्रेसेस लावून खालचे दात सरळ उभे करतो, वरचे आत घेतो, आणि प्रत्येक दात आपापल्या हाडावर जसा असायला हवा तसा आणून बसवतो. या टप्प्याच्या अखेरीस त्याच तरुणाच्या दातांतले उलटे अंतर ३ वरून ८ मिलिमीटरपर्यंत गेलेले असू शकते. आता जबडा ८ मिलिमीटर आणि त्याउपर साधारण २ मिलिमीटर, म्हणजे वरचे दात खालच्यांपुढे असावेत तितके, सरकवता येतो.

भरपाई मोडण्याचा हा काळ रुग्णाला सर्वांत अवघड जातो, आणि त्याबद्दल त्याला आधी पुरेसे सांगितले जात नाही. वर्ष-दीड वर्ष उपचार घेऊन चेहरा सुधारण्याऐवजी बिघडत जातो. पूर्वी जेमतेम जमणारे चावणेही जमेनासे होते. नातेवाईक विचारू लागतात की, डॉक्टर काय करत आहेत. मुलीचे लग्न ठरण्याआधी सगळे उरकून घ्यावे, अशा बेताने आलेल्या कुटुंबांना तर दोन-अडीच वर्षांचा एकूण कालावधी ऐकूनच धक्का बसतो. पण हा बिघाड हिशेबातला असतो, आणि तो पत्करण्याची तयारी नसेल तर पुढची पायरी चढू नये हेच बरे.

वय हीदेखील अशीच एक अट आहे. वाढ चालू असलेल्या मुलांत, साधारण १० ते १३ वर्षांच्या सुमारास, मागे राहिलेल्या खालच्या जबड्याला पुढे धरून ठेवणारी उपकरणे वापरून वाढीला थोडे वळण देता येते. स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांचे ट्विन ब्लॉक हे त्यांपैकी सर्वांत परिचित. वाढ संपल्यानंतर ही संधी उरत नाही, आणि वाढ संपण्याआधी शस्त्रक्रिया करण्यातही अर्थ नसतो, कारण पुढे वाढलेला जबडा शस्त्रक्रियेने मागे नेल्यावरही वाढतच राहिला तर सगळे श्रम वाया जातात. चेहऱ्याच्या हाडांत खालचा जबडा सर्वांत उशिरा थांबतो. मुलींत ही वाढ साधारण १६ व्या वर्षाच्या आगेमागे, तर मुलांत १८ ते २१ च्या दरम्यान थांबते. ती थांबली की नाही हे ठरवण्यासाठी सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने घेतलेले दोन सेफॅलोग्रॅम एकावर एक ठेवून पाहतात.

या शस्त्रक्रियेची पहिली नोंद १८४९ सालची आहे. अमेरिकेतील व्हीलिंग या गावी सायमन हुलिहेन यांच्याकडे एक तरुणी आली, जिच्या मानेवरच्या भाजल्याच्या व्रणाने खालचा जबडा खाली ओढून त्याची पुढची बाजू लांबवली होती. हुलिहेन यांनी दोन्ही बाजूंनी हाडाची पाचर काढून पुढचा दातांचा भाग मागे बसवला. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक फारसे काही घडले नाही. १८९७ मध्ये सेंट लुईस येथे विल्रे ब्लेअर यांनी पुढे आलेल्या जबड्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक तुकडा काढून तो आखूड केला, आणि अँगल त्याच शहरात असल्यामुळे दातांचा तज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून काम करण्याची कल्पना तेथेच रुजू लागली. तरीही पुढची काही दशके पद्धती ओबडधोबड राहिल्या: कातडीतून तारेची करवत घालून जबड्याच्या मागच्या उभ्या भागाचे हाड न पाहता, अंदाजाने कापले जाई. चेहऱ्याच्या स्नायूंची नस दुखावण्याचा धोका असे, आणि कापलेली टोके एकमेकांना पुरेशी न टेकल्याने हाड जुळायचे राहून जाई.

हे चित्र ह्यूगो ओब्वेगेझर यांनी पालटले. ऑस्ट्रियात प्रशिक्षण झालेले आणि पुढे झुरिचमध्ये काम केलेले हे शल्यविशारद (१९२०–२०१७) या क्षेत्राचे खरे शिल्पकार आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही. १९५० च्या दशकात त्यांनी आपले वरिष्ठ ट्राउनर यांच्यासह जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात सगळे काम तोंडाच्या आतून होते आणि चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पद्धतीचे मर्म हाड आडवे तोडण्याऐवजी उभे चिरण्यात आहे. जबड्याच्या मागच्या उभ्या भागात आतल्या बाजूला, जेथे खालच्या ओठाची संवेदना वाहणारी नस हाडात शिरते त्याच्या किंचित वर, एक आडवा छेद घेतात. तेथून तो पुढच्या कडेने खाली दाढांपर्यंत आणतात. आणि दाढेच्या बाहेरच्या अंगाला एक उभा छेद घेतात. प्रत्येक छेद हाडाच्या फक्त कठीण बाहेरच्या थरापुरताच असतो. मग पातळ छिन्न्यांनी हळूहळू फट रुंदावत गेले की, जबडा आतला आणि बाहेरचा अशा दोन पातळ भागांत उलगडतो: बाहेरच्या भागाकडे कानापुढचा सांधा राहतो, आतल्याकडे दात आणि नस. सरकत्या दारांच्या कपाटाचे पल्ले जसे एकमेकांवरून पुढेमागे होतात, तसा दात असलेला भाग सांध्याला न हलवता पुढे किंवा मागे नेता येतो, आणि कितीही सरकवला तरी हाडाचे मोठे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून राहिल्याने ते लवकर जुळते. शल्यविशारद डाल पोंट यांनी १९६१ मध्ये बाहेरचा छेद अधिक पुढे आणून हा संपर्क आणखी वाढवला. जगभर आज खालच्या जबड्यासाठी बहुतांशी हीच शस्त्रक्रिया होते.

वरच्या जबड्याची कथा निराळी आहे. १९०१ मध्ये लील या फ्रेंच शहरात रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात हे शोधले आणि तीन ठरावीक भंगरेषा सांगितल्या. त्यांतली पहिली दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या तळाजवळून जाते आणि टाळूसकट दातांची कमान वेगळी करते. अपघातात जे हाड या रेषेवर मोडते, ते शस्त्रक्रियेत त्याच रेषेवर मुद्दाम कापले जाते, आणि म्हणून शस्त्रक्रियेलाही ल फोर प्रथम असेच म्हणतात. वरचा जबडा पूर्ण सुटा करून खाली वाकवला तर त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आणि दात मरतील, ही भीती शल्यविशारदांच्या मनात बराच काळ होती. टेक्सासमधील विल्यम बेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून माकडांवर केलेल्या प्रयोगांत दाखवले की, टाळूची आणि गालाच्या आतली मऊ त्वचा शाबूत राहिली, तर तेवढ्यावर जबडा जगतो. ओब्वेगेझर यांनी १९६० च्या दशकातच वरचा जबडा पूर्ण सुटा करून पुढे आणला होता. १९७० मध्ये त्यांनी दोन्ही जबड्यांची शस्त्रक्रिया एकाच बैठकीत केल्याचे प्रसिद्ध केले.

दोन्ही जबडे एका वेळी सुटे करायचे, तर कोणता किती आणि कोठे जायचा याला आधार काय, हा प्रश्न उभा राहतो. उत्तर एका पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पट्टीत आहे. शस्त्रक्रियेआधी दातांच्या साच्यांवर, किंवा आता सीटी स्कॅनवरून संगणकात, जबडे हवे तसे सरकवून पाहतात आणि त्या स्थितीत वरच्या-खालच्या दातांमध्ये नेमकी बसेल अशी पट्टी बनवतात. दोन जबड्यांसाठी अशा दोन पट्ट्या लागतात. पहिली पट्टी अजून न हललेल्या खालच्या जबड्याच्या आधाराने वरच्याला त्याची नवी जागा दाखवते; तो प्लेटांनी पक्का झाला की दुसरी पट्टी खालच्या जबड्याची जागा ठरवते. आखणीच्या टेबलावर मिलिमीटरची चूक झाली, तर शस्त्रक्रियागृहातले कौशल्य ती सुधारू शकत नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली होते. श्वासाची नळी नाकातून घालतात, कारण दात जुळतात का हे तपासण्यासाठी तोंड मोकळे हवे, आणि रक्तस्राव कमी राहावा म्हणून भूलतज्ज्ञ रक्तदाब थोडा खाली ठेवतो. खालच्या जबड्यातल्या अडकलेल्या अक्कलदाढा बहुधा सहा महिने आधीच काढून घेतात. हाड धरून ठेवण्यासाठी आज टायटॅनियमच्या छोट्या प्लेट आणि स्क्रू वापरतात, जे सहसा आतच राहू देतात. १९७० च्या दशकापर्यंत मात्र वरचे आणि खालचे दात तारांनी एकत्र बांधून तोंड सहा आठवडे बंद ठेवावे लागे, आणि रुग्णाच्या उशाशी तार कापण्याची पक्कड ठेवलेली असे, कारण उलटी झाली तर ती लगेच लागत असे. आता दोन-चार दिवसांत घरी जाता येते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. पेज, वरणाचे पाणी, नाचणीचे सत्त्व, ताक असे पातळ अन्न सुरुवातीला आणि मऊ अन्न पुढे साधारण सहा आठवडे घ्यावे लागते. वजन थोडे उतरतेच. दातांवरच्या आकड्यांना अडकवलेली छोटी रबरे चावा नव्या जागी वळवत ठेवतात, आणि उरलेली बारीक जुळवाजुळव ब्रेसेसने सुमारे सहा महिन्यांत संपते.

या उपचाराच्या तोट्यांपैकी रुग्णाला सर्वाधिक जाणवणारा तोटा खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा बधिरपणा हा आहे. नस न तुटताही ताणली जाते, त्यामुळे सुरुवातीला तो बहुतेकांना असतो, आणि काही महिन्यांच्या अवधीत ओसरतो. काहींना मात्र थोडा कायम राहतो, विशेषतः वय जास्त असेल किंवा हनुवटीचे हाडही वेगळे सरकवले असेल तर. ओठ हलतो, बोलता येते, फक्त स्पर्श कळत नाही. दुसरा प्रश्न हाड जुन्या जागेकडे परतण्याचा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील विल्यम प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवले की, सर्व हालचाली सारख्या टिकत नाहीत: वरचा जबडा वर उचलणे सर्वांत टिकाऊ, तर तो रुंद करणे सर्वांत कमी टिकाऊ. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या रुग्णांत परतीचा धोका आणखी वाढतो, कारण बालपणी केलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियांचे व्रण, ज्यांनी वरच्या जबड्याची वाढ रोखलेली असते, तेच व्रण पुढे नेलेला जबडा मागे खेचतात. शिवाय टाळूचा मऊ भाग जबड्याबरोबर पुढे गेल्याने उच्चार नाकातून येऊ लागण्याची शक्यता असते, म्हणून या रुग्णांत उच्चारतज्ज्ञाचा सल्ला आधीच घेतलेला बरा. फार मोठे अंतर असल्यास हाड कापून दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने ताणत नेतात, म्हणजे फटीत नवे हाड आणि भोवती नवी त्वचाही तयार होत जाते.

जबडे पुढे नेल्याने जिभेमागची श्वासाची वाट रुंदावते. झोपेत श्वास अडण्याच्या तीव्र विकारात, ज्याचे एक लक्षण जोरजोरात घोरणे हे आहे, दोन्ही जबडे साधारण १० मिलिमीटर पुढे आणणे हा फार परिणामकारक उपाय ठरला आहे. ही शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी असते, असे मानून विमा कंपन्या दावे अनेकदा नाकारतात, त्याला हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

भरपाई मोडण्याचा लांबलेला काळ टाळण्यासाठी जपानमधील नागासाका, सुगावारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उलटा क्रम मांडला: आधी शस्त्रक्रिया, मग ब्रेसेस. हाड कापल्यानंतर काही महिने त्यात झीज आणि भर या दोन्ही प्रक्रिया वेगाने चालतात, त्यामुळे दातही लवकर हलतात आणि एकूण काळ घटतो. पण येथे दात कोठे जातील हे शस्त्रक्रियेआधीच अंदाजाने ठरवावे लागते. मोजकी, सरळ प्रकरणेच याला योग्य आहेत.

शस्त्रक्रिया नको असेल, तर मध्यम तफावतीत एक पर्याय उरतो: दातांची भरपाई मोडण्याऐवजी ती तज्ज्ञानेच आणखी वाढवायची आणि हाडांची चूक दातांनी झाकून टाकायची. चावा सुधारतो, चेहरा मात्र जवळपास होता तसाच राहतो, आणि पुष्कळांना ते पुरेसे वाटते. परंतु हा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो, कारण दोन वाटा विरुद्ध दिशांना जातात. खालचा जबडा मागे असलेल्या रुग्णात दात काढून जागा करायची असेल, तर झाकण्यासाठी वरच्या उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढा, काढतात. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी बहुधा खालच्या काढतात. वरच्या उपदाढा काढून, जागा मिटवून, दोन वर्षांनी विचार बदलून शस्त्रक्रियेकडे वळलेल्या रुग्णाला ती जागा ब्रेसेसने पुन्हा उघडावी लागते आणि निरोगी असताना काढलेल्या दातांच्या ठिकाणी कृत्रिम दात बसवून घ्यावे लागतात.